परदेशी विद्यार्थ्यांना दिलेली सरकारी शिष्यवृत्ती ‘मदत’ कशी ठरते? आणि अर्ज करणाऱ्याने त्यातून काय समजून घ्यायचं?

शेवटचा_बाक

चेव्हनिंग आणि कॉमनवेल्थ (ब्रिटन), डीएएडी (जर्मनी), मेक्स्ट (जपान), ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्स अशा पूर्ण शिष्यवृत्त्यांची माहिती गोळा करतोय. त्यात कळलं की यांतल्या बऱ्याचशा खर्चाची नोंद देणारे देश ‘परदेशी विकास मदत’ म्हणून करतात. इथेच गाडी अडली. फी जाते त्यांच्याच विद्यापीठाला, भाडं त्यांच्याच घरमालकाला, विमा त्यांच्याच कंपनीचा. मग मदत नक्की कुणाला झाली?

शंका तीन आहेत. हा हिशेब कोणत्या नियमाने होतो? पैसा मदतनिधीतून येतो याचा अर्जाच्या छाननीवर काही परिणाम होतो का, की हुशारी तेवढी पुरे? आणि ‘शिक्षण संपल्यावर मायदेशी परत जा’ ही अट कागदावरचीच असते की खरोखर बजावली जाते?

जाहिरातीतली माहिती नको, ती वाचून झाली आहे.

हिशेबनीस

पहिल्या शंकेचं उत्तर देतो.

विकास मदत कशाला म्हणायचं हे ओईसीडीच्या (मुख्यतः श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) विकास साहाय्य समितीने ठरवलेलं आहे. पैसा सरकारी हवा, सवलतीचा हवा (शिष्यवृत्ती म्हणजे निव्वळ अनुदानच), मुख्य उद्देश विकसनशील देशाचा आर्थिक विकास आणि लोककल्याण हा हवा आणि लाभ घेणारा देश समितीच्या यादीत हवा. पैसा खर्च कुठे झाला हा निकषच नाही. त्यामुळे लंडनमधल्या विद्यापीठाला दिलेली फीसुद्धा केनियाला दिलेली मदत म्हणून नोंदवता येते.

यादीचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे अर्जाच्या वेळी उपयोगी पडेल. दर तीन वर्षांनी ती तपासतात. सलग तीन वर्षं उच्च उत्पन्नाची रेषा ओलांडलेला देश वगळला जातो. चिली, उरुग्वे आणि सेशेल्स २०१८ मध्ये असेच बाहेर पडले. चेव्हनिंग कॅनडातल्या उमेदवारालाही मिळते आणि केनियातल्याही. योजना तीच, पत्र तेच, पण कॅनडावाल्याचा खर्च मदतीत धरता येत नाही, केनियावाल्याचा येतो. उलट जर्मनीच्या डीएएडीचे ‘विकासाशी निगडित पदव्युत्तर अभ्यासक्रम’ (सगळे ईपॉस म्हणतात) यादीतल्या देशांपुरतेच आहेत, कारण तो पैसा थेट तिथल्या विकास सहकार्य मंत्रालयाचा.

आता गंमत. शिष्यवृत्तीची नोंद दोन वेगवेगळ्या खात्यांत होते. एक सरळ खातं : शिष्यवृत्ती आणि देणाऱ्या देशात दिलेलं प्रशिक्षण. यात नाव-गाव असलेला विद्यार्थी असतो, त्याला विद्यावेतन मिळतं, तिकीट मिळतं. दुसरं खातं ‘आरोपित विद्यार्थी खर्च’. जिथे विद्यापीठात फी नसते किंवा नाममात्र असते, तिथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यामागे सरकारला जो खर्च येतो तो माणशी काढायचा, यादीतल्या देशांच्या विद्यार्थिसंख्येने गुणायचा आणि मदत म्हणून दाखवायचा. जर्मनी, फ्रान्स, ऑस्ट्रिया हे यातले जुने खेळाडू. या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना शिष्यवृत्ती मिळालेलीच नसते. घरून पैसे आणून राहणाऱ्या विद्यार्थ्याला पत्ताही नसतो की आपण कुणाच्या तरी मदतीच्या आकड्यात बसलो आहोत. अट एवढीच की या विद्यार्थ्यांना घेणं हे जाणीवपूर्वक धोरण असावं. पूर्ण फी भरणारा विद्यार्थी अर्थातच यात येत नाही.

म्हणून ‘अमुक देश शिक्षणासाठी इतकी मदत देतो’ असा आकडा दिसला की आधी विचारायचं, यात आरोपित खर्च किती? समितीचाच ‘देशनिहाय नियोजनयोग्य मदत’ नावाचा दुसरा मापदंड आहे, त्यात हा आरोपित खर्च वगळतात. म्हणजे तो पैसा गरीब देशाच्या हातात पडत नाही हे हिशेब ठेवणाऱ्यांनाही मान्य आहे.

उंटावरून

थोडक्यात, या खिशातून काढून त्या खिशात. वर उपकार.

मदतीला ‘आमच्याच देशातून खरेदी करा’ अशी अट घालू नये म्हणून याच समितीने २००१ मध्ये शिफारस केली होती ना? मग शिष्यवृत्ती त्यातून कशी सुटते?

हिशेबनीस

@उंटावरून, सुटते, कारण त्या शिफारशीच्या कक्षेत स्वतंत्र तांत्रिक सहकार्य (म्हणजे प्रशिक्षण, तज्ज्ञांचा सल्ला वगैरे) मुळात धरलेलंच नव्हतं, आणि शिष्यवृत्ती त्यातच मोडते. पळवाट म्हणा, पण लेखी आहे.

तरी ‘या खिशातून त्या खिशात’ हे निम्मंच खरं. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ४.ब हे लक्ष्य खास शिष्यवृत्त्यांचं आहे : अल्पविकसित देश, छोटी बेटराष्ट्रं आणि आफ्रिकी देशांसाठी शिष्यवृत्त्या २०२० पर्यंत भरीव वाढवायच्या. बहुतेक लक्ष्यांना २०३० ची मुदत आहे, याला २०२० ची होती. पण ते मोजायचं कसं, तर शिष्यवृत्तीवर खर्च झालेल्या मदतीच्या रकमेवरून. किती जण शिकले, किती परत गेले, कुठे कामाला लागले हे त्या निर्देशांकात नाही. माझा आक्षेप खिशावर नाही, मापावर आहे.

टाचणी

दुसऱ्या शंकेकडे वळते, कारण बहुतेक अर्ज तिथेच पडतात.

हुशारी लागते, पण ती उंबरठ्यापुरती. मदतनिधीतून शिष्यवृत्ती देणाऱ्याला पुढे जाब द्यायचा असतो की या पैशाने त्या देशाचं काय भलं झालं. त्यामुळे छाननी करणारा गुणपत्रिका बाजूला ठेवून तीन गोष्टी शोधतो : तुमच्या देशातला नेमका प्रश्न, त्याला लागणारं आणि तिथे न मिळणारं शिक्षण, आणि परतल्यावर तुम्ही कोणत्या जागी बसून ते वापरणार. कॉमनवेल्थ शिष्यवृत्तीत तर विकासावरच्या परिणामाचं वेगळं निवेदन लिहून घेतात आणि ठरलेल्या सहा विकास-विषयांपैकी एक निवडायला लावतात. त्यात ‘मला जागतिक दर्जाचं शिक्षण घेऊन देशसेवा करायची आहे’ असं लिहिणं म्हणजे कोरा कागद देण्यासारखंच. ‘जिल्हा पातळीवरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत फ्लोराईडचे अहवाल वेळेत निघत नाहीत, कारण नमुना घेण्याची पद्धत एकसारखी नाही, या अभ्यासक्रमातल्या अमुक दोन विषयांत ती शिकवतात, परतल्यावर मी त्याच विभागात अमुक काम करेन’ हे झालं उत्तर. कोण, कुठे, कोणत्या पदावर, किती काळात हे चारही त्यात हवं.

योजनेनुसार अर्जाची वाटही वेगळी असते. वाट चुकली की अर्ज वाचलाही जात नाही.

चेव्हनिंग : अर्ज थेट संकेतस्थळावर. पदवीनंतर शिकायला तीन अभ्यासक्रम निवडायचे. अर्ज करताना प्रवेश हातात असायची गरज नसते, पण निवड झाल्यावर जुलैच्या मुदतीपर्यंत तीनपैकी किमान एका ठिकाणची विनाअट ऑफर लागते. खरा घोळ इथेच होतो. ऑफर आलेली असते, पण सशर्त. अंतिम गुणपत्रिका, इंग्रजीची परीक्षा किंवा अनामत रक्कम यांपैकी एक अट लोंबकळत राहते आणि मुदत जाते. विद्यापीठाने अनामत मागितली तर भरण्याआधी लेखी विचारा की सरकारी शिष्यवृत्तीधारकाला सूट आहे का. अनेक ठिकाणी असते, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. शिफारसपत्रं दोन, तीही मुलाखतीला बोलावल्यावर.

कामाच्या अनुभवाची अट तासांत आहे, २,८०० तास. हा आकडा आठवड्याला ३५ तास, वर्षाला ४० आठवडे, असं दोन वर्षांचं गणित आहे. अर्धवेळ, स्वयंसेवी काम, इंटर्नशिप सगळं मिळवता येतं. स्वीडिश इन्स्टिट्यूटच्या शिष्यवृत्तीला ३,००० तास लागतात. तिथे आधी विद्यापीठ प्रवेशाचा वेगळा अर्ज करून त्याचे ९०० क्रोनर भरायचे आणि मग शिष्यवृत्तीचा अर्ज. पहिला टप्पा राहिला तर दुसरा आपोआप बाद.

कॉमनवेल्थ मास्टर्स : अर्ज एकट्याने भरून भागत नाही, तुमच्या देशातल्या नामनिर्देशक संस्थेने नाव पाठवावं लागतं. तिचा फॉर्म वेगळा, मुदत वेगळी आणि बऱ्याचदा आधीची. मुख्य संकेतस्थळावरची तारीख धरून बसलेले लोक दरवर्षी हमखास चुकतात. कॉमनवेल्थचीच ‘शेअर्ड’ शिष्यवृत्ती मात्र विद्यापीठामार्फत जाते.

ईपॉस : अर्ज डीएएडीकडे नाही, थेट त्या अभ्यासक्रमाच्या कार्यालयाकडे. जास्तीत जास्त तीन अभ्यासक्रम, पसंतीक्रम फॉर्ममध्ये लिहून. शेवटची पदवी साधारण सहा वर्षांच्या आतली, पदवीनंतर किमान दोन वर्षं त्याच क्षेत्रातलं काम. मालकाचं शिफारसपत्र लेटरहेडवर, सही, शिक्का आणि ताजी तारीख. परत कामावर घेण्याची हमी त्यात असेल तर उत्तम. शिक्का राहिला म्हणून अर्ज अपुरा ठरणं ही किरकोळ वाटणारी पण नेहमीची गोष्ट. आणि अर्जाच्या वेळी जर्मनीत १५ महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार चालत नाही.

मेक्स्ट : वाटा दोन, दूतावासाची किंवा विद्यापीठाची. दूतावासाच्या वाटेने कागदपत्रं, लेखी परीक्षा आणि मुलाखत पार झाली की प्राथमिक निवडीचा दाखला मिळतो. तो घेऊन प्राध्यापकांकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवायचं. एका वेळी दोनच विद्यापीठांना विचारता येतं, म्हणून आधी संशोधन आराखडा आणि प्राध्यापकाचं काम जुळतंय का ते पाहा. वय ३५ च्या आत.

कोरियाची ग्लोबल कोरिया शिष्यवृत्ती : दूतावास मार्गाने तीन विद्यापीठं, विद्यापीठ मार्गाने एक. दोन्हीकडून अर्ज केलात तर दोन्हीकडून बाद. आधी एक वर्ष भाषा, टोपिकची (कोरियन भाषेची परीक्षा) तिसरी पातळी गाठल्याशिवाय पुढे पदवी नाही. आधीच पाचवी पातळी असेल तर भाषेचं वर्ष माफ.

आता सर्वांना लागू असलेलं : पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर सारखं हवं. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे, दुसरीकडे नाही. लग्नानंतर आडनाव बदललं. स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी. दुरुस्तीला किंवा प्रतिज्ञापत्राला लागणारा वेळ हा अपोस्टिलच्या (कागदपत्र परदेशात ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) वेळेआधी धरा, कारण चुकीच्या नावावर केलेलं अपोस्टिल पुन्हा करावं लागतं.

दोन_ओळी

+१. एक भर : पात्रतेत वरवर विचित्र वाटणाऱ्या अटींमागेही मदतीचेच नियम असतात. ऑस्ट्रेलिया अवॉर्ड्सला सेवेतले सैनिक चालत नाहीत. विकास मदतीच्या व्याख्येत लष्करी खर्च बसत नाही, हे आठवलं की कोडं सुटतं. तसंच ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडच्या नागरिकाशी वा कायम रहिवाशाशी लग्न किंवा साखरपुडा झालेला असेल तरी अपात्र. कारण उघड आहे, तो माणूस परत जाण्याची शक्यता कमी.

शेवटचा_बाक

हिशेबनीस, टाचणी, धन्यवाद. ‘हुशारी उंबरठ्यापुरती’ हे डोक्यात बसलं.

परत जाण्याच्या अटीबद्दल मात्र अजून गोंधळ आहे. परत गेलो नाही तर नक्की काय होतं? आणि मधल्या काळात तिसऱ्याच देशात नोकरी लागली तर?

अटी_लागू

‘परत जा’ हे शब्द सगळीकडे सारखे दिसतात, पण त्यामागची यंत्रणा वेगवेगळी असते. ती ओळखूनच सही करावी.

ऑस्ट्रेलिया : शिष्यवृत्ती संपल्यावर किमान दोन वर्षं ऑस्ट्रेलियाबाहेर राहायचं. मोडलं तर शिष्यवृत्तीवर झालेला एकूण खर्च तुमच्या नावावर सरकारी कर्ज होतो. व्हिसावरही पुढच्या मुक्कामाला बंदी घालणारी अट असते, त्यामुळे देशात राहून दुसरा व्हिसा मागायची सोय नाही. इथे ‘बाहेर’ हा शब्द नीट वाचा, मायदेशीच असा त्याचा अर्थ नाही. पण निवडीच्या वेळी जो परतीचा आराखडा लिहून दिला त्याला तुम्ही बांधील असताच.

चेव्हनिंग : मायदेशी किमान दोन वर्षं. इथे बाहेर नाही, मायदेशी. न पाळल्यास वसुलीची तरतूद करारात आहे. तुमच्या तिसऱ्या देशातल्या नोकरीच्या प्रश्नाचं उत्तर या एका शब्दात आहे.

ब्रिटनमध्ये आणखी एक खाच आहे, ती अनेकांना उशिरा कळते. गेल्या १२ महिन्यांत सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेने फी आणि राहण्याचा खर्च दोन्ही दिला असेल, तर शिक्षणानंतरच्या ग्रॅज्युएट व्हिसासाठी तिथे राहून अर्ज करताना त्या संस्थेची लेखी संमती जोडावी लागते. परत जायला लावणारी संस्था अशी संमती देणार नाही हे सांगायला नको. फक्त फी किंवा फक्त विद्यावेतन मिळत असेल तर हा नियम लागत नाही.

अमेरिका : फुलब्राइटसारख्या सरकारी पैशावर जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीचा) व्हिसा मिळाला की कलम २१२(ई) लागतं. दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय एच किंवा एल (नोकरीचे) व्हिसा आणि ग्रीन कार्ड बंद. पर्यटक किंवा विद्यार्थी म्हणून पुन्हा जाता येतं, पण ते दिवस दोन वर्षांत धरत नाहीत. दोन वर्षं सलग नसली तरी चालतात, तुकड्यांची बेरीज होते. तेव्हा पासपोर्टवरचे शिक्के आणि तिकिटं जपून ठेवा, कारण मोजणी सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची.

नॉर्वेची जुनी कोटा योजना या बाबतीत सगळ्यात चतुर होती. पैसा काही भाग अनुदान आणि उरलेला कर्ज म्हणून द्यायचा, विद्यार्थी मायदेशी परतला की कर्ज माफ. दंड नाही, पोलीस नाही, नुसतं गणित. २०१६ मध्ये नवे प्रवेश थांबवून ती योजना बंद केली.

आणि मायदेशातल्या मालकाचा बाँड ही वेगळीच गोष्ट. सरकारी नोकर अभ्यासरजा घेऊन गेला तर दोन अटी एकाच वेळी चालू असतात. एकीतून सूट मिळाली म्हणून दुसरी सुटत नाही.

उंटावरून

हे सगळं मान्य. तरी प्रश्न राहतोच. एका मास्टर्सवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात त्याच देशातल्या विद्यापीठात कितीतरी जण शिकतील. मग तिकडे का देत नाहीत?

हिशेबनीस

देतात, पण त्याची जाहिरात कमी होते. डीएएडीची ‘देशांतर्गत आणि प्रदेशांतर्गत’ शिष्यवृत्ती आहे, त्यात विद्यार्थी आपल्याच देशात किंवा शेजारच्या देशात शिकतो. कॉमनवेल्थचा दूरशिक्षणाचा प्रकार आहे. ‘स्प्लिट-साइट’ पीएच.डी.मध्ये नोंदणी मायदेशी, फक्त १२ महिने ब्रिटनमध्ये.

भारतही देणाऱ्यांच्या रांगेत आहे हे चर्चेत कुणी आणलं नाही. आयसीसीआरची (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद) स्थापना १९५० ची, आयटेक (परदेशी उमेदवारांना प्रशिक्षण देणारी भारत सरकारची योजना) १९६४ पासून चालू. आयसीसीआरच्या पोर्टलवर परदेशी विद्यार्थी पाच संस्थांची पसंती देतो. आफ्रिकी देशांसाठी ई-विद्याभारतीने २०१९ पासून ऑनलाइन पदव्या सुरू केल्या, म्हणजे तिकीट आणि घरभाडं हा सगळ्यात महागडा भागच काढून टाकला. भारत समितीचा सदस्य नसल्याने हे त्या आकडेवारीत समितीच्या देशांसारखं येत नाही. आणि तोच भारत अजून लाभार्थी देशांच्या यादीतही आहे. दक्षिण कोरिया २००० मध्ये यादीतून बाहेर पडला आणि २०१० पासून समितीचा सदस्य झाला. तेव्हा घेणारा आणि देणारा या कायमच्या जागा नाहीत.

तरी श्रीमंत देश आपल्याच विद्यापीठांत का बोलावतात, तर त्यांना पदवीइतकाच परिचय विकायचा असतो. चेव्हनिंग १९८३ पासून परराष्ट्र खात्याकडे आहे, ते उगाच नाही. मदत आणि मुत्सद्देगिरी एकाच पाकिटात. त्यात पाप नाही, पण मग सगळं पाकीट मदतीच्या खात्यात टाकू नये.

टाचणी

जाता जाता पैशाचं, कारण ‘पूर्ण’ या शब्दाने फसगत होते.

विद्यावेतनाची तुलना नेहमी त्या देशाच्या व्हिसासाठी लागणाऱ्या किमान रकमेशी करा. डीएएडी मास्टर्सला महिना ९९२ युरो देते. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी खात्यात दाखवायची वर्षाची रक्कम ११,९०४ युरो आहे, १२ ने भागून बघा. म्हणजे एका माणसाचं काटकसरीत भागेल असं धरलेलं आहे. उलट हंगेरीच्या स्टिपेंडियम हंगेरिकममध्ये पदवी आणि मास्टर्सला महिना ४३,७०० फोरिंट, वर वसतिगृह किंवा भाड्यापोटी ४०,००० फोरिंट. फी माफ आहे, पण जेवणखाण आणि प्रवास या रकमेत बसत नाही. हा हातभार आहे, पूर्ण खर्च नव्हे, हे तिथल्या माहितीतही लिहिलेलं असतं, लोक वाचत नाहीत. जोडीदार आणि मुलांचा खर्च बहुतेक योजनांत तुमचाच.

पहिला हप्ता पोचेपर्यंतचा काळ सगळ्यात अडचणीचा. तिथलं बँक खाते उघडायला पत्ता लागतो, पत्त्यासाठी भाडेकरार, करारासाठी अनामत, आणि अनामतीसाठी तो न आलेला हप्ता. निदान दीड-दोन महिन्यांचं भाडं आणि खाणंपिणं हाताशी ठेवूनच विमानात बसा. व्हिसा फी, क्षयरोग तपासणी, इंग्रजी परीक्षा यांतलं काय परत मिळतं हे पत्रात शोधा. परत मिळणार असेल तरी पावतीशिवाय नाही.

दोन_ओळी

आणि मदतनिधीचा पैसा अंदाजपत्रकावर लटकलेला असतो, हेही ध्यानात असू द्या. ब्रिटनने २०२१ मध्ये मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ वरून ०.५ टक्क्यांवर आणली, आणि २०२७ साठी ०.३ जाहीर केली. अमेरिकेने २०२५ मध्ये परदेशी मदत रोखली तेव्हा त्याच पैशावर ओमानमध्ये शिकणाऱ्या ८० हून अधिक अफगाण विद्यार्थिनींची शिष्यवृत्ती मध्येच तुटली.

शेवटचा_बाक

मग करारात नेमकं कोणतं कलम बघायचं?

अटी_लागू

‘निधीच्या उपलब्धतेवर अवलंबून’ असे शब्द कुठे आहेत ते शोधा. मग दोन गोष्टी लेखी विचारा. योजना मध्येच थांबली तर चालू सत्राची फी कोण भरणार, आणि परतीचं तिकीट मिळणार का. तसं थांबल्यास परत जाण्याची दोन वर्षांची अट उरते का, हे तिसरं. तोंडी उत्तर घेऊ नका, ई-मेलवर घ्या आणि सही केलेल्या कराराच्या प्रतीसोबत ठेवा.